कल्ला

ओर्नेल्ला आठ दिवस आमच्या मागच्या खोलीत राहायला होती.
पहिल्याच सकाळी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली,
मला बाजार दाखव. फोटोतला नको,
तू जिथून रोज घेतेस, तो.

मी जिथून रोज घेते
तो माझ्या फोनमध्ये आहे.
दहा मिनिटांत दाराशी येतो, पिशवीला गाठ मारून,
कोथिंबीरसुद्धा डब्यात, प्रत्येक काडी एका उंचीची.
हे पाहुणीला कसं सांगायचं?
म्हटलं, चल, गोपी टँकला जाऊ.
कपाटामागून आईची हिरव्या काठाची पिशवी काढली,
तळाशी कढीपत्त्याचं एक वाळकं पान,
कुठल्या सालचं कोण जाणे.

फुटपाथवर वसईची बाई बसलेली,
राजेळी केळी, पांढऱ्या कांद्याच्या माळा,
ओल्या फडक्याखाली वालपापडी.
ओर्नेल्लाने एक शेंग उचलली, तिथेच मोडली,
दाणा दाताखाली धरून डोळे मिटले.
मी शरमेने अर्धी. बाई खूश.
कुठची गं ही?
इटलीची.
बाईने तराजू खाली ठेवला.
माझा पुतण्या रोमला हाय, फादर अंतोन,
नऊ वर्सं झाली. तिथं वाल भेटत नाय म्हणतो.
आणि मूठभर जास्तीच्या शेंगा पिशवीत,
ह्या त्याच्या वाटच्या.
ओर्नेल्ला बारीची. रोम तिथून आगगाडीने चार तास.
मी बोलले नाही.

आत मासळीच्या ओट्यांपाशी पाणी चपलांत शिरलं.
दिव्याखाली सुरमया, बोंबलांचा लिबलिबीत ढीग,
माकुलं एकमेकांत गुंतलेली,
आणि भाव ऐकूच येऊ नये इतका कल्ला.
ओर्नेल्लाने भाव विचारलाच नाही.
वाकली, अंगठ्याने एका सुरमईचा कल्ला उचलला,
पाहिलं, सोडला. दुसरीचा. तिसरीचा.
चौथीचं पोट दाबलं, बोट हुंगलं.
चांगुणाबायचा कोयता हवेतच थांबला.

हिला येतंय, ती म्हणाली.
मग माझ्याकडे वळून,
तुला?

मी? मी तर नेहमी इथूनच
नाय गो. माझी गिऱ्हाइकं मला पाठ हायत.
ही पिशवी वळखते मी. तू नाय.
कुठं हाय पिशवीवाली?

पुण्याला. धाकट्या बहिणीकडे. गुडघे.

साठ रुपये हायत तिच्याकडे माझे. सांग तिला.

मग त्या दोघींचं सुरू झालं.
एकीची चार बोटं, दुसरीची तीन,
छातीवर हात, छताकडे बघणं,
ओर्नेल्ला दोन पावलं निघून गेली
आणि बोलावलं जाईपर्यंत मुद्दाम हळू चालली.
दोघींना कळत नव्हता एकमेकींचा एकही शब्द
आणि दुभाषी म्हणून आलेली मी
दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरून उभी.

परतताना, शीतळादेवीच्या सिग्नलला, मी विचारलं,
तुझ्या गावचा बाजार कसा आहे?
ती बराच वेळ लाल दिव्याकडे बघत राहिली.
बापाची होडी होती, म्हणाली, विकली.
बाजार आहे. सुंदर आहे. पाहुणे फोटो काढतात.
मी फोनवरून मागवते.
बाजारात मी फक्त परगावी असले की जाते.

आम्ही हसलो, पिशवीचा एकेक बंद धरून,
इतकं की सुरमईची शेपटी वर येऊन
बाजूच्या रिकाम्या टॅक्सीकडे बघू लागली.

ती गेल्यानंतरच्या बुधवारी एकटीच गेले.
चांगुणाबायला साठ रुपये दिले.
न मोजता कमरेला खोचले तिने,
ना बरं केलंस, ना बस.
मी एका रावसाचा कल्ला अंगठ्याने उचलला.
आत लाल होतं.
कितपत लाल म्हणजे ताजं
हे विचारायला तोंड उघडलं
तर मागून कुणीतरी म्हणालं,
ओ, घेताय का? नसेल तर सरका.